रेंज का येत नाही?



आपण हिर्डस मावळातली माणसे. चहूकडे डोंगर, खाली नीरा-देवघर धरणाचे पाणी. आता घरोघर मोबाईल आला आहे. पण बोलायचे म्हटले, की टेपाड चढावे लागते. "हॅलो, हॅलो" म्हणता म्हणता आवाज तुटतो. असे का होते? फोन वाईट, की आपले नशीब वाईट?

दोन्ही नाही. रात्री ओट्यावर कंदील ठेवा. अंगण उजळते, पण घरामागे अंधार राहतो. भिंत आडवी येते ना! टॉवरच्या लहरींचेही तसेच आहे. त्या दिसत नाहीत, पण बहुतेक सरळ जातात. डोंगर आडवा आला, की पलीकडची वाडी कोरडी राहते. सपाट मुलखात एक टॉवर पुष्कळ घरांना पुरतो. आपल्याकडे टॉवर जास्त लागतात आणि माणसे थोडी. मग कंपनी म्हणते, खर्च निघत नाही.

मग गप्प बसायचे का? एक गोष्ट ऐका. 30 जुलै 2014. आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गावावर सकाळी डोंगर कोसळला. 151 माणसे गेली. बातमी बाहेर कशी आली? एस.टी.ची गाडी तिथे गेली. चालक बघतो, तर गाव जागेवर नाही! त्याने खबर दिली.

म्हणून म्हणतो, डोंगराखाली राहणाऱ्याला फोन म्हणजे चैन नव्हे. पावसाळ्यात वरंध घाटात दरड पडते. कुठे बाळंतीण अडते, कुणाला साप चावतो. 108 ला फोन लागला, तरच रुग्णवाहिका निघेल.

एक ध्यानात ठेवा. आपल्या सिमला रेंज नसली, तरी अडचणीत 112 लावून बघा. जवळ दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल, तर त्यावरून तो फोन जाऊ शकतो.

सरकारनेही ही अडचण ओळखली आहे. जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारने रेंज नसलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. काम भारत संचार निगमाकडे, म्हणजे बीएसएनएलकडे दिले. पण आपली कोणती वाडी राहिली, हे आपणच सांगायला हवे.

ते कसे? वहीत लिहा. कोणत्या वाडीत रेंज नाही? वीज गेल्यावर टॉवर कधी बंद पडला? तारीख घाला. मग ग्रामसभेत विषय काढा. टॉवरला जागा लागते, वीज लागते. गावाची जागा देता येत असेल, तर तसा ठराव करा. अर्जाखाली सह्या करा. अंगठे नकोत हं, सह्या! अर्ज दिला, की पोच घ्या. तोंडी बोलणे विसरले जाते, लिहिलेले राहते.

आणि सावध राहा. "तुमच्या रानात टॉवर लावतो, महिना भाडे देतो, आधी पैसे भरा," असे कुणी म्हणाला, तर तो ठग समजा. जागा घेणारा भाडे देतो, आपल्याकडे पैसे मागत नाही.

डोंगर काही आपण हलवू शकत नाही. अर्ज मात्र लिहू शकतो. तुम्ही अक्षर शिकलात, ते याच कामासाठी. पहिला अर्ज ह्याच आठवड्यात लिहा.