स्तनाचा कर्करोग : धोका कोणाला, दक्षता कोणाची?



पवई तलावाच्या परिसरात एकीकडे १९५८ साली स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आवार आहे, तर दुसरीकडे डोंगरउतारावरील दाट वस्त्या आहेत. दोन्हीकडील स्त्रियांचे जीवन भिन्न आहे. तथापि स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की, "आमच्या घराण्यात हा आजार नाही, मग भीती कसली?" हा प्रश्न कोठेही ऐकू येतो.

आई, बहीण वा मुलगी यांपैकी एकीस हा रोग झाला असल्यास धोका सुमारे दुपटीने वाढतो, हे खरे. सदोष जनुक वडिलांकडूनही येऊ शकते. म्हणून आत्या व वडिलांची आई यांच्या आजाराचीही माहिती ठेवावी. परंतु रोग जडलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या जवळच्या नात्यात तो कोणालाच झालेला नसतो. स्त्री असणे आणि वय वाढणे हेच धोक्याचे मुख्य घटक होत.

पाळी लवकर सुरू होणे, ती उशिरा थांबणे, पहिले मूल तिशीनंतर होणे किंवा मूल न होणे, यांमुळेही धोका काहीसा वाढतो. या गोष्टी बहुतांशी स्त्रीच्या हाती नसतात. त्यांबद्दल तिला दोष देणे अन्यायाचे आहे. पाळी थांबल्यानंतरचा लठ्ठपणा, मद्यपान व व्यायामाचा अभाव मात्र टाळता येण्याजोगा आहे. बाळास अंगावर पाजल्याने मातेचा धोका थोडा कमी होतो. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शी येथे १९८७ पासून कर्करोगाच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. त्यांत या रोगाचे प्रमाण ग्रामीण बार्शीपेक्षा मुंबईत बरेच अधिक आढळले. राहणीचा व मातृत्वाच्या वयाचा संबंध यावरून ध्यानात येतो.

धोका असणे म्हणजे रोग असणे नव्हे, आणि धोका कमी असणे म्हणजे अभय नव्हे. म्हणूनच तपासणीचे महत्त्व. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत अशी घट दिसली नाही. त्यांनी लक्षणांकडे अधिक सावधपणे पाहावे, हे इष्ट.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती अंगावर काढली जाते. काखेतील गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढले गेलेले वा रक्तस्राव होणारे स्तनाग्र, यांपैकी काहीही दिसताच डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची तरतूद आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन प्राथमिक माहितीही भरून घेते. तिला खरी माहिती मिळावी व तपासणीच्या दिवशी घरच्या कामातून स्त्रीला सवड मिळावी, यासाठी शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पुढाकार घ्यावा. लाजेपोटी गेलेले महिने परत मिळत नाहीत.