दोन कानांचे ऐकणे



राजुरीहून आळेफाट्याकडे पायी निघालेल्यास मागून येणारी मोटार कोणत्या अंगाने येत आहे, हे कानच सांगतात. ध्वनी जवळच्या कानी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतराने आधी पोहोचतो व किंचित मोठा असतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवितो. लग्नघरच्या गलबल्यातून समोरच्याचे बोलणे वेगळे काढण्यासही दोन्ही कान लागतात. म्हणून दोन्ही कान अधू असता एकाच कानास श्रवणयंत्र घेणे ही खोटी काटकसर होय. मुलीच्या बाबतीत तर, स्थळे परततील या भयाने, तेही केसांआड दडविले जाते! यंत्राने भागत नसल्यास कॉक्लिअर इम्प्लांटचा मार्ग आहे. जन्मबधिर बालकास तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच विशेष फलदायी ठरतो. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेत तपासणी होते. तेथे जाल तेव्हा दुसऱ्या कानाविषयीही अवश्य विचारावे.