गाळप आणि उतारा : अडचणीतल्या मोबाइल-कारखान्याचा हिशेब



मोबाइल फोन करणाऱ्या कारखान्याचा खप का घटतो, आणि खप घटलेल्या कारखान्याला पुन्हा बरे दिवस येतील की नाही हे कसे ओळखावे, असा आजचा विषय आहे. हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला साजेल काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती स्वाभाविक आहे. परंतु सोनईला हा विषय परका मानण्याचे कारण नाही. आपल्याजवळून जाणाऱ्या हमरस्त्याला लागून एका दिशेने गेले की छत्रपती संभाजीनगर आणि त्यापुढे पैठण रस्त्यावरचे चितेगाव लागते. दुसऱ्या दिशेने नगर ओलांडून पुण्याच्या वाटेला लागले की रांजणगावची औद्योगिक वसाहत येते. या दोन टोकांना असलेल्या दोन कंपन्यांनी आपापल्या काळी मोबाइलच्या धंद्यात हात घातला. दोघींनाही त्यात अपयश आले. परंतु आज एक भरभराटीत आहे आणि दुसरी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. एकाच अपयशाची ही दोन फळे कशी झाली, एवढाच प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम हिशेब कसा वाचावा ते पाहू. आपण ऊसकरी मंडळी आहोत, तेव्हा आपल्याच घरचा दाखला घेऊ. समजा, एका साखर कारखान्याने पाच लाख टन ऊस गाळला आणि उतारा १० टक्के पडला. दुसऱ्याने साडेचार लाख टनच गाळला, पण उतारा साडेअकरा टक्के पडला. गाळपाच्या आकड्यावर पहिल्याची मिरवणूक निघेल. पण साखर मोजली तर पहिल्याची पाच लाख क्विंटल आणि दुसऱ्याची पाच लाख साडेसतरा हजार क्विंटल भरते. गाळप डोळ्यांत भरते, उतारा मात्र पदरात पडतो. हे सत्य आपल्याला शिकवावे लागत नाही. परंतु तोच मनुष्य वर्तमानपत्रात 'अमुक कंपनीने इतके कोटी फोन विकले' असे वाचतो तेव्हा उतारा विचारायला विसरतो.

मोबाइलच्या धंद्यात उतारा म्हणजे काय? प्रत्येक फोनमागे सर्व खर्च वजा जाता हाती उरते ते. यात एक मोठी गोम आहे. फोनचा आराखडा, त्याचे साचे, त्यातील कार्यप्रणालीची चाचणी, जाहिरात, हे खर्च एक फोन विकला तरी करावे लागतात आणि एक कोटी विकले तरी करावे लागतात. २०२० साली सॅमसंगने जगभर सुमारे २५ कोटी ६० लाख फोन बाजारात पाठवले, तर एलजीने सुमारे २ कोटी ३० लाख. आता समजा, दोघांनीही या ठरीव खर्चापायी एकेक हजार कोटी रुपये घातले. सॅमसंगच्या एका फोनवर त्यातले ३९ रुपये पडतील, एलजीच्या एका फोनवर ४३५ रुपये! शिवाय पडदा, चिप, स्मरणिका हे सुटे भाग मोठ्या खरेदीदाराला स्वस्त मिळतात. एकदा खप घसरला की दर नगाचा खर्च वाढतो, खर्च वाढला की किंमत उतरवता येत नाही, आणि किंमत उतरली नाही की खप आणखी घसरतो. या रहाटगाडग्यातून सुटणे फार अवघड असते.

दुसरी गोम आकड्याच्या मोजणीत आहे. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेला माल म्हणजे खप, असे पुष्कळदा धरले जाते. घोडेगावच्या बाजाराला जाणारा आपला शेतकरी हे ऐकून हसेल. कांदा शेतातून चाळीत गेला म्हणून कोणी तो विकला गेला असे म्हणत नाही. फोनही कारखान्यातून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून दुकानाच्या फळीवर जातो. गिऱ्हाइकाच्या खिशात जाईपर्यंत त्याचा खरा खप झालेला नसतो. आणि फळीवरचा फोन चाळीतल्या कांद्याहून लवकर उतरतो, कारण दर चार-सहा महिन्यांनी नवा नमुना येऊन जुन्याची किंमत पाडतो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. २०१४ सालच्या अखेरच्या तिमाहीत मायक्रोमॅक्स या भारतीय कंपनीने सॅमसंगला मागे टाकल्याची बातमी गाजली. कॅनालिस या संस्थेच्या गणनेप्रमाणे मायक्रोमॅक्सचा वाटा २२ टक्के आणि सॅमसंगचा २० टक्के होता. सॅमसंगने दुकानांतील प्रत्यक्ष विक्री मोजणाऱ्या दुसऱ्या संस्थेचा हवाला देऊन ते अमान्य केले. वाद कोणी जिंकला हे येथे महत्त्वाचे नाही. स्वदेशी कंपनी पहिली आली म्हणून आपल्याला जो आनंद झाला, त्याच्या भरात एक गोष्ट नजरेआड झाली. त्या काळचे बरेचसे भारतीय फोन चिनी कारखान्यांकडून घेऊन त्यांवर आपले नाव घातलेले असत. २०१४ च्याच जुलैत शाओमी ही चिनी कंपनी स्वतःच्या नावाने भारतात उतरली, आणि तिच्यामागून इतरही आल्या. ज्या विहिरीवरून पाणी भरायचे त्या विहिरीच्या मालकानेच पाणपोई घातली! पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन चौथ्या पिढीच्या फोनांची मागणी एकाएकी वाढली, नोव्हेंबरात नोटाबंदीने रोखीचा व्यवहार आटला, आणि भारतीय नावे बाजारातून मागे हटली. २०२० मध्ये मायक्रोमॅक्सने नव्या मालिकेनिशी पुन्हा प्रयत्न केला, परंतु जुनी जागा तिला परत मिळाली नाही.

आता रांजणगावकडे वळू. एलजी ही दक्षिण कोरियाची कंपनी. तिचा रांजणगावचा कारखाना २००४ साली उभा राहिला, आणि फ्रीज, टीव्ही यांच्या जोडीला पुढे तेथे मोबाइलही होऊ लागले. कंपनी काही लेचीपेची नव्हती. २०१३ च्या सुमारास स्मार्टफोनच्या जागतिक बाजारात ती काही काळ तिसऱ्या क्रमांकावर होती, आणि गूगलसारख्या कंपनीनेही आपले नेक्सस फोन तिच्याकडून करून घेतले होते. मग बिघडले कोठे? वर ॲपल आणि सॅमसंग, खाली स्वस्त चिनी फोन, आणि मध्ये एलजी, अशी कोंडी झाली. कोंडीतून सुटण्यासाठी कंपनीने नावीन्याची कास धरली. २०१६ साली भाग काढून दुसरा भाग जोडता येईल असा फोन आणला, २०२० साली एक पडदा दुसऱ्यावर आडवा फिरेल असा आणला. लोकांनी कौतुक केले, पण विकत घेतला दुसराच! मधल्या काळात काही नमुने आपोआप पुन्हापुन्हा चालू-बंद होत राहण्याच्या तक्रारी आल्या आणि प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेले. गिऱ्हाइकाला नावीन्य नसले तरी चालते, विश्वास नसला तर चालत नाही.

एलजीच्या मोबाइल विभागाने सलग २३ तिमाह्या, म्हणजे पावणेसहा वर्षे तोटा सोसला. एकूण तोटा ४५० कोटी डॉलरांच्या घरात गेला. ५ एप्रिल २०२१ रोजी कंपनीने जाहीर केले की आम्ही हा धंदा बंद करीत आहोत, आणि ३१ जुलैपर्यंत तो आवरला. विकलेल्या वरच्या प्रतीच्या फोनांना पुढेही काही काळ कार्यप्रणालीच्या सुधारणा देण्याचे तिने मान्य केले आणि मायदेशातल्या त्या विभागाच्या नोकरवर्गाला इतर विभागांत सामावून घेण्याचे ठरवले. कोणी म्हणेल, पावणेसहा वर्षे उशीरच झाला. खरे आहे. परंतु धंद्यात उशिरा आलेले शहाणपणही फुकट जात नाही. फ्रीज, धुलाईयंत्रे आणि टीव्ही यांवर कंपनीने लक्ष एकवटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्या भारतीय शाखेच्या भागांची सुमारे ११,६०० कोटी रुपयांची विक्री निघाली तेव्हा देऊ केलेल्या भागांच्या पन्नासपटीहून अधिक मागणी आली. तो सगळा पैसा कोरियातील मूळ कंपनीकडे गेला, हेही ध्यानात ठेवावे. तरीपण मोबाइल सोडल्याने कंपनी बुडाली नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

आता दुसरे टोक, चितेगाव. व्हिडिओकॉन हे नाव ज्यांच्या घरात एकेकाळी पोहोचले नाही असे श्रोते येथे थोडेच असतील. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही भारतात आला, आणि त्याच दशकात तोशिबा या जपानी कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने धूत घराण्याने मराठवाड्यात ही कंपनी उभी केली. मुंबई-पुण्याबाहेर एवढा मोठा उद्योग उभा राहावा याचा अभिमान आपल्या भागाला वाटत असे, आणि तो रास्त होता. परंतु २००५ साली कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळीचा धंदा विकत घेतला. पाठीमागे पोट असलेला जुना टीव्ही आठवतो ना? त्याच्या पोटात असे ती ही चित्रनळी. नेमके त्याच काळात चपटे पडदे येऊ लागले होते, आणि काही वर्षांतच चित्रनळीचे युग संपले. २००८ साली कंपनीने दूरध्वनीसेवेचे परवाने घेतले, २००९ मध्ये स्वतःच्या नावाचे मोबाइल बाजारात आणले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकूण १२२ परवाने रद्द केले, त्यांत हिचे २१ होते. लिलावात पुन्हा भाग घेऊन मिळवलेल्या लहरी तिने २०१६ साली एअरटेलला ४,४२८ कोटी रुपयांना विकण्याचा करार केला. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

तेथे समूहातील १३ कंपन्यांवरचे मान्य झालेले दावे सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे निघाले, आणि २०२१ साली मंजूर झालेली खरेदीची बोली होती २,९६२ कोटींची. म्हणजे रुपयाला पाच पैशांहूनही कमी. ती मंजुरीही जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने रद्द केली. या दाव्यांत फार मोठा वाटा बँकांचा होता. बँकेचा पैसा म्हणजे कोणाचा पैसा? सोनईच्या शाखेत पावती ठेवणाऱ्या पेन्शनरांचा, ऊसबिल जमा करणाऱ्या शेतकऱ्यांचा. आणि चितेगावच्या कामगारांचे व सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकांचे जे झाले, ते कोणत्याच टक्केवारीत मावत नाही.

श्रोतेहो, आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. एलजीने मोबाइलचा तोटा इतर विभागांच्या नफ्यातून भरला, आणि तो भरणे परवडेना तेव्हा ते एक खाते बंद केले. व्हिडिओकॉनने एका धंद्याची पीछेहाट दुसऱ्या धंद्याच्या आशेवर आणि कर्जावर झाकली. रोग ओळखून एक फांदी छाटली तर झाड वाचते. फांद्या वाढवत नेल्या आणि मुळाशी पाणी उसने आणले, तर पहिल्या दुष्काळात सगळे झाड जाते.

म्हणून अडचणीतल्या कारखान्याच्या भवितव्याविषयी बोलताना आम्ही चार प्रश्न सुचवतो. आकडा कोठे मोजला, कारखान्याच्या दारात की गिऱ्हाइकाच्या हातात? दर नगामागे काय उरते? पुढच्या वर्षीचा माल स्वतःच्या बुद्धीने करता येईल, की दुसऱ्याच्या कृपेवर अवलंबून आहे? आणि तोटा कोणाच्या पैशाने भरला जात आहे? चारही उत्तरे वाईट असतील, तर खपाचा आकडा कितीही फुगलेला असो, भवितव्य उजळ मानू नये. बाजार वाढेल आणि सगळ्यांनाच जागा होईल, या आशेलाही आता आधार उरलेला नाही. २०१६ साली जगात सुमारे १४७ कोटी स्मार्टफोन बाजारात गेले होते, २०२३ साली ११७ कोटींच्या आसपास. फोन आता अधिक वर्षे टिकतो आणि माणूस तो लवकर बदलत नाही. एकाचा खप वाढायचा तर दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढावे लागते.

यात आपला संबंध काय? दुकानदाराने योजनेतल्या जादा कमिशनला भुलून बुडत्या कंपनीचा माल फळीवर भरू नये. कंपनी गेली की दुरुस्तीसाठी आलेले गिऱ्हाईक त्याच्याच दारात उभे राहते. हप्त्यावर फोन घेणाऱ्याने किमतीइतकीच दुरुस्ती-केंद्राची आणि सुट्या भागांची चौकशी करावी, कारण हप्ते संपण्याआधी कंपनी संपली तर हप्ते माफ होत नाहीत. तरुणांना आम्ही एवढेच सांगू की आज देशात विकले जाणारे बहुतेक फोन देशातच जुळवले जातात. ही प्रगती खरीच. हजारो हातांना त्यातून काम मिळाले आहे. परंतु जुळवणी आणि निर्मिती यांत ऊसतोड आणि साखर यांइतके अंतर आहे. आराखडा, चिप आणि नाव ज्यांचे, उतारा त्यांचा. ते ज्ञान आपल्याकडे आल्याशिवाय आपल्या वाट्याला गाळपच राहील.

आणि शेवटचे, सभासद म्हणून. साखर कारखाना असो, दूध संघ असो की पतसंस्था, वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो तेव्हा उलाढाल ऐकून टाळ्या वाजतात. टाळ्या अवश्य वाजवाव्यात. पण त्या विरल्या की एकाने तरी उठून शांतपणे विचारावे, 'उतारा किती पडला, आणि कर्ज किती वाढले?' हा प्रश्न चितेगावच्या बाबतीत वेळेवर आणि पुरेशा मोठ्याने विचारला गेला असता, तर मराठवाड्याचा एक मोठा उद्योग कदाचित आजही उभा दिसता. ज्या गावात असा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी खाली बसवत नाही, तेथील संस्थांना दीर्घायुष्य आहे असे आम्ही समजतो.