लोखंडाचा गंज आणि आपलं पाणी
(ग्रामसभेतील भाषण)



गडचिरोलीला लागूनच छत्तीसगडात अंबागड चौकीचा भाग आहे. तिथल्या कौडीकसा गावच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल सापडला. सोमलाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही तो जात नाही. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलं की कातडीवर डाग पडतात, तळहात खरबरीत होतात, पुढे कॅन्सरही होतो.

बांगलादेशातल्या गावांनी तीन घागरींची उतरंड लावली. वरच्या घागरीत लोखंडाचा चुरा आणि रेती, मधलीत कोळसा आणि बारीक रेती, खालचीत गाळलेलं पाणी. लोखंड गंजतं आणि सोमल त्या गंजाला धरून बसतो. हीच रीत सुधारून कुष्टियाच्या अबुल हुसाम यांनी 'सोनो' फिल्टर केला. २००७ साली त्याला अमेरिकेत १० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं.

पण आपण घाई करायची नाही. फ्लोराइडवर हा उपाय चालत नाही, म्हणून पाण्यात काय आहे ते आधी तपासायचं. चुरा घट्ट बसला की बदलायचा, आणि जुना चुरा नाल्यात टाकायचा नाही.

घागर आपण लावू, पण त्यानं सरकार सुटत नाही. प्रत्येक बोअरिंगच्या तपासणीचा कागद ग्रामसभेत वाचून दाखवा, असा ठराव आपण आजच करू. जंगल-जमीन आपली, तसं चांगलं पाणीही आपल्या हक्काचं!