एका पुस्तकाची दोन माणसे
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपण घेतलेल्या घासाचे पोटात पुढे काय होते? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी यावर विद्वानांत मोठा वाद होता. कोणी म्हणे अन्न दळले जाते, कोणी म्हणे कुजते, तर कोणी म्हणे रसात विरघळते.

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले. पण जखम भरली तरी जठरात उघडणारे भोक कायम राहिले. १८२५ मध्ये डॉक्टरांनी मांसाचे व पावाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्यातून आत सोडले. ठरावीक वेळाने ते बाहेर काढून पाहिले आणि जे दिसले ते लिहून ठेवले. जठरातला रस कुपीत घेऊन ऊब दिली, तर त्यातही मांस विरघळले! राग आला की पचन बिघडते, हेही त्यांनी नोंदले. १८३३ मध्ये प्लॅट्सबर्ग या लहान गावी त्यांचे पुस्तक छापले गेले. शेवटी ५१ निष्कर्ष आहेत. ती पहिली आवृत्ती आज दुर्मीळ आहे.

मित्रांनो, बोमाँट कधी वैद्यकीय महाविद्यालयात गेले नव्हते. एका डॉक्टरांच्या हाताखाली ते शिकले. त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे त्यांची वही. तुम्हीही पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवा.

पण पालकहो, दुसऱ्या माणसालाही विसरू नका. सेंट मार्टिन निरक्षर होता. वर्षाला १५० डॉलर, शिवाय अन्नवस्त्र, अशा १८३२ च्या करारावर त्याने सहीऐवजी फुली मारली. प्रयोगांना कंटाळून तो घरी कॅनडाला निघून जाई. ज्याच्या पोटावर हे पुस्तक उभे राहिले, त्याला त्यातली एक ओळही वाचता येत नव्हती. १८८० मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी शव मागू नये म्हणून घरच्यांनी ते सडू दिले आणि मगच पुरले.

एका पुस्तकात दोन माणसे : एक लिहिणारा, एक फुली मारणारा. आपल्या मुलामुलींनी कोणत्याही कागदावर आधी तो वाचावा, मग सही करावी, एवढ्यासाठी त्यांना शाळेत टिकवा. मधूनच काढू नका, ही कळकळीची विनंती.