पाणी कुठपर्यंत आलं होतं?

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, नेवासा येथे केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



संयोजक म्हणाले, "तू आफ्रिकेत होतास, तिथलं काहीतरी सांग. सिंह वगैरे." तीन वर्षांत मी सिंह एकदाच पाहिला, तोही झोपलेला. मी पाहिली ती गटारं. नाले, मोऱ्या, पंप आणि पावसात बुडणारी घरं. सगळी नोकरी त्यातच गेली. तेव्हा जेवणाआधी गटारांवर बोलतोय, माफ करा.

सुरुवात इथूनच करतो. नववीत भूगोलाच्या सरांनी आपल्याला प्रवरेच्या काठी नेलं होतं. आपल्याला वाटलं सहल. सरांनी प्रत्येक गटाला पाच-पाच घरं वाटून दिली आणि एकच प्रश्न विचारायला सांगितला : "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" म्हाताऱ्या बायका ओसरीवरून उठायच्या आणि भिंतीवर हात ठेवून दाखवायच्या, इथवर. आपण खडूनं रेघ मारायची, सुतळीनं मोजायची. एका आजींनी तर उंबरा, कोनाडा आणि कोनाड्यातला देव, अशा तीन पुरांच्या तीन खुणा सांगितल्या होत्या. मला तो उद्योग फालतू वाटला होता. सर, ४० वर्षांनी कबूल करतो.

२६ जुलै २००५ ला मी मुंबईत एका खासगी सल्लागार कंपनीत होतो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या नेवाशात एवढा पाऊस दीड वर्षातही पडत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी आहे असं धरून. भरती असली की बहुतेक वाहिन्यांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली. मग पावसाचं पाणी बाहेर जाणार कसं? ही क्षमता दुप्पट करा, असा अहवाल १९९३ सालीच तयार होता, पण कामाला खरा वेग आला तो २००५ नंतर. माधवराव चितळे यांच्या समितीनं त्या पुराची कारणं तपासली, मिठी नदी रुंद करायचं काम निघालं, किनाऱ्यावर एकेक करून उदंचन केंद्रं उभी राहिली. भरती आली की दरवाजे बंद करायचे आणि आतलं पाणी पंपानं उचलून समुद्रात टाकायचं, असं त्यांचं काम.

त्या धांदलीत एका नाल्याची पूरपातळी काढायचं काम माझ्याकडे आलं. नाल्याकाठच्या वस्तीत एका बाईंनी मला दाराची वरची बिजागरी दाखवली. पाणी इथवर होतं, म्हणाल्या. माझ्या संगणकातलं पाणी त्याच्या दोन वीत खाली थांबत होतं. मी वहीत बिजागरी लिहिली आणि अहवालात संगणकाचा आकडा दिला. त्या आकड्यावर संरक्षक भिंत बांधली गेली. दोन पावसाळ्यांनी पाणी भिंतीवरून आत आलं. माझ्या हिशेबात खालची मोरी पूर्ण मोकळी होती, प्रत्यक्षात ती गाळानं अर्धी भरलेली. सुदैवानं कुणी दगावलं नाही. एक शिलाई मशीन गेलं आणि एका पोराची दहावीची पुस्तकं गेली. मी पाहणीला गेलो तर त्याच बाईंनी बिजागरीवर पुन्हा बोट ठेवलं. बोलल्या काही नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

२०१६ मध्ये मी टांझानियात दार-एस-सलामला गेलो. हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठावरचं शहर, झपाट्यानं वाढणारं. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', चपातीला 'चपाती', त्यामुळे पहिल्या आठवड्यात उपाशी राहिलो नाही. तिथली म्सिम्बाझी नदी म्हणजे मिठीची सख्खी बहीण. पुगूच्या टेकड्यांतून निघते, शहराच्या मधून जाते, काठावर गरिबांची घरं, आणि शेवटी समुद्र. २०११ च्या डिसेंबरात तिला मोठा पूर आला होता. तरी बीआरटी बसचं आगार बांधलं ते त्याच नदीच्या पूरक्षेत्रात, जांगवानीला. ज्या बससेवेला पुढे जागतिक पुरस्कार मिळाला, तिच्याच गाड्या आगारात पाण्यात उभ्या राहायच्या. गंमत म्हणजे 'जांगवा' म्हणजे वाळवंट! शहाणी माणसं सगळीकडे सारखीच, मी एकटाच नाही, एवढं समाधान मला मिळालं.

पण त्याच शहरात मी दुसरंही काही पाहिलं. 'रमानी हुरिया' नावाचा उपक्रम, म्हणजे 'खुला नकाशा'. तिथल्या विद्यापीठांतली पोरं वस्त्यांत हिंडून गल्ल्या, गटारं, घरं नकाशावर उतरवत होती, आणि लोकांना विचारत होती की पाणी कुठपर्यंत आलं होतं. एक मुलगी गुडघ्याला हात लावून विचारत होती, इथवर? की इथवर? मी रस्त्यावर उभा राहिलो आणि सर, मला तुमची आठवण आली. शप्पथ.

परत आल्यानंतर मुंबईची हवामान कृती योजना घडली. ती १३ मार्च २०२२ ला जाहीर झाली. देशानं शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल धरलंय, मुंबईनं २०५०. २०१९ च्या हिशेबात शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यातला जवळजवळ ७२ टक्के वाटा इमारतींतल्या ऊर्जावापराचा, २० टक्के वाहतुकीचा, उरलेला कचऱ्याचा. पूर आणि पाण्यासाठी वेगळं प्रकरण आहे. २०२४ पासून महापालिका अर्थसंकल्पातला हवामानाचा खर्चही वेगळा मांडून दाखवते. मला हे आवडलं. योजना कुणीही छापतो, पैसे कुठे गेले ते छापायला जिगर लागते. पण योजनेत एका गोष्टीला उत्तर सोपं नाही, आणि ते दार-एस-सलामलाही सोपं नव्हतं. तिथे जागतिक बँकेच्या मदतीनं म्सिम्बाझीचं खालचं खोरं मोकळं करून नदीला जागा द्यायचं ठरलंय. कागदावर योग्यच आहे. पण तिथल्या माणसांनी जायचं कुठे?

आता तिसऱ्या रांगेत बसलेला आपला एक मित्र मान खाली घालील. नाव घेत नाही, लाजाळू आहे. जायकवाडीचं धरण १९७६ ला पूर्ण झालं, नाथसागराच्या फुगवट्यात आपल्या तालुक्यातल्याही जमिनी आणि घरं गेली. त्याचं गाव उठलं म्हणून तो आपल्या वर्गात उशिरा आला होता. आपण त्याला 'धरणवाला' म्हणायचो. त्याचे वडील एकदा मला म्हणाले होते, "आमच्या पाण्यावर मराठवाड्याचं शेत भिजलं, त्याचं दुःख नाही बाबा. पण आम्हाला इचारलं नाही कोणी." मिठीकाठच्या घरांवर नकाशात लाल रेघ ओढताना ते वाक्य माझ्या कानात असायचं. तरी मी रेघा ओढल्या. काही माणसं कामाच्या ठिकाणापासून लांब गेली, काही परत नाल्यावर आली. अरे, तुझी त्याबद्दल कधी माफी मागितली नव्हती. 'धरणवाला' म्हटल्याबद्दलही नाही.

परवा एसटीतून उतरून शाळेकडे चालत आलो. मागचा ओढा पाइपात घातलाय, वर गाळे झालेत. पाइपाचं तोंड वाकून पाहिलं, अर्धं गाळानं बुजलेलं. मला ओळखीचं वाटलं.

मुख्याध्यापकांशी बोललो आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या मुलांना घेऊन नदीकाठची आणि ओढ्याकाठची घरं फिरायची. प्रत्येक घरी तोच प्रश्न, प्रत्येक खुणेची उंची मशीननं मोजायची, आणि नकाशा करून नगरपंचायतीला द्यायचा. त्यांनी तो वापरला नाही तर दर उन्हाळ्यात जाऊन विचारायचं. लेव्हलिंगचं मशीन मी आणतो. स्टाफ पट्टी धरायला दोघं लागतील, रिटायर झालेले चालतील, गुडघे दुखत नसले म्हणजे झालं. ज्या घरांत आपण १९८३ ला गेलो होतो त्यांची यादी कुणाकडे आहे का? सर म्हणाले, वह्या त्यांनी रद्दीत घातल्या नाहीत, माळ्यावर असतील. उद्या सकाळी शिडी घेऊन जातोय.