कॅमेरा उघडण्यापूर्वी

(संस्थेच्या वाचनालयात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेले भाषण)



लघुपट कसा काढावा यावर बोलण्यास एका शाळामास्तराला उभे केले, याचे आपणांस नवल वाटेल. मी चित्रपटाच्या धंद्यातला माणूस नव्हे. परंतु एक लघुपट काढताना मी सपशेल फसलो आहे, आणि दुसरा फसण्यापूर्वी त्याला सावध करणे हे तर मास्तराचेच काम.

माझे वडील या वाचनालयाच्या पुस्तकांची बांधणी करीत, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलांनी हट्ट धरला, ‘सर, अब्बांच्या कामावर लघुपट काढू या.’ मोबाइल होतेच. मी म्हटले, चला! एका रविवारी सहाजण घरी आले आणि तीन तास चित्रण झाले. संध्याकाळी पाहतो तो काय! पंख्याच्या घरघरीत अब्बांचे बोलणे बुडालेले. पाठीमागे खिडकी, म्हणून चेहरा काळा. आणि अब्बा जुजबंदीची शिवण घालीत होते, तेव्हा सहाही कॅमेरे त्यांच्या चेहऱ्याकडे. हातांकडे एकही नाही. पुढल्या रविवारी पुन्हा घेऊ, असे म्हणता म्हणता परीक्षा आल्या. उन्हाळ्यात अब्बांच्या हातांना कंप सुटला. सुईत दोरा ओवणे त्यांना जमेना.

त्या वेळी मला दादासाहेब फाळके आठवले. ते आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी एकदम मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसामागून दिवस टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो इवलासा चित्रपट. तो पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. आता विचार करा, वाटाण्याला ‘पुन्हा एकदा उगव’ असे सांगता येते काय? कुंडी कोठे, कॅमेरा कोठे, हे आधीच ठरवावे लागते. अब्बांचे हातही तसेच होते. मी ते ओळखले नाही.

मग आम्ही मोबाइल बाजूला ठेवून वही घेतली. पहिला नियम केला, लघुपट एका वाक्यात सांगायचा. मुलांनी लिहिले, ‘अब्बा पुस्तके बांधतात.’ मी विचारले, ‘आरंभी जे आहे, त्यात शेवटपर्यंत काय बदलते?’ कोणी बोलेना. एक मुलगी शाळा सुटल्यावर अब्बांकडे शिवण शिकत होती. ती हळूच म्हणाली, ‘सर, अब्बांचे हात थांबले, पण शिवण थांबली नाही.’ तेच आमचे वाक्य झाले. शिवण ती घालणार, अब्बा शेजारी बसून सांगणार! लघुपटच बदलला, आणि तो कागदावर बदलला म्हणून एक पैही खर्च झाली नाही.

पुढे चौकटी आखून प्रत्येकीत एकेक दृश्य काढले. चित्रे अगदी काड्यांची. पण सत्यजित राय यांच्यापाशीही ‘पथेर पांचाली’साठी रीतसर पटकथेऐवजी चित्रांची वहीच होती, हे सांगताच मुलांची लाज गेली. चौदा चौकटी झाल्या. घड्याळ लावून मोठ्याने वाचल्या, तेव्हा दोन जादा ठरल्या, त्या खोडल्या. मग चित्रणाच्याच वेळी खोलीत जाऊन ऊन कोठून येते ते पाहिले. अब्बांना खिडकीसमोर बसवायचे ठरले. पंखा बंद ठेवायचा, म्हणून पाच-पाच मिनिटांनी विसावा. दृश्यांची यादी गोष्टीच्या क्रमाने न करता जागेच्या क्रमाने केली. खिडकीकडून घ्यायची ती सारी एकदम. शेवटी कामे वाटली. एका मुलाला सांगितले, ‘तू फक्त हात पाहायचे. काही झाले तरी कॅमेरा हलवायचा नाही.’

चित्रण दीड तासात आटोपले. त्यात आमच्या वहीत नसलेली एक गोष्ट घडली. मुलीचा टाका चुकला, आणि अब्बांचा थरथरता हात आपसूक पुढे येऊन तिच्या बोटांवर टेकला. हातांवर नेमलेला मुलगा जागचा हलला नव्हता, म्हणून तो क्षण मिळाला. योजना केल्याने अकल्पित काही घडायचे थांबत नाही; ते घडते तेव्हा आपण जागेवर असतो, एवढेच.

अब्बा आज समोर बसले आहेत. त्यांच्यासारखी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. कोणाच्या आजीच्या हातचे काही, कोणाच्या आजोबांच्या गळ्यातले काही. मुलांनो, ते अवश्य टिपा. पण आधी एक संध्याकाळ वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. आणि बसायला उशीर करू नका. माझे ते तीन तासांचे चित्रण मी अजून पुसलेले नाही. कोणाला पाहावयाचे असल्यास घरी यावे. फसलेले चित्रणही शिकवते.